तयार पाय

"मोजे काढू?" टॉर्किल्डने विचारले. बाकी सगळे काढून झाले होते.

स्कॅन करणाऱ्या सिग्नेने संगणकावरून मान वर केली नाही. गोल खोली, भोवताली खांब, खांबांवर कॅमेरे, आणि मधोमध सत्तरीकडे झुकलेला एक माणूस, अंगावर फक्त करडे लोकरी मोजे. तिला त्याचे काही वाटत नव्हते. त्यालाही वाटत नव्हते. दोघांचाही हा धंदाच होता.

"फरशी गार आहे का?" तिने विचारले.

"बर्फ आहे."

"मग राहू दे की. पाय आमच्याकडे तयार असतात."

"कुणाचे?"

"कुणाचे असे नाहीत. नुसते पाय. केस, नखं, पाय, यांचा साठाच असतो. मशीनला ते नाहीतरी नीट दिसत नाहीत, मग आम्ही मागाहून बसवतो."

"पण माझे पाय जरा—"

"आता हलू नकोस हं. श्वास घेतलास तर चालेल. पण हळू."

न हलणे ही टॉर्किल्डची एकमेव विद्या होती, त्यामुळे तो गप्प राहिला. कॅमेऱ्यांनी डोळे मिचकावले आणि काम झाले. इतक्या वर्षांत इतक्या लवकर त्याला कुणी "झालं, घाल कपडे" म्हटले नव्हते.

टॉर्किल्ड क्रॉग नोकरीत असताना आमच्या गावच्या तरणतलावावर देखरेखीला होता. काठावर उभे राहायचे आणि कुणी बुडत नाही ना ते पाहायचे. आमच्या गावात कुणी बुडत नसे. फ्योर्डच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसांना पोहता येते, आणि ज्यांना येत नाही ती तलावावर कशाला जातील? त्यामुळे टॉर्किल्डने उमेदीचा काळ अर्ध्या चड्डीत निश्चल उभे राहण्यात घालवला. असाच एकदा तो पाण्यातून डोके वर काढणाऱ्या विबेकेला दिसला. विबेके संध्याशाळेत चित्रकला शिकवते. मंगळवारच्या तिच्या वर्गात समोर माणूस उभा करून त्याचे चित्र काढतात, आणि तिचा मॉडेल नुकताच लग्न करून नॉर्वेला पळाला होता.

"तू असाच उभा राहशील का? कपड्यांशिवाय?"

टॉर्किल्ड चड्डीवरच होता. मागणी फार मोठी नव्हती.

घरी त्याने बायकोला, इंगरला, सांगितले. ती बटाटे सोलत होती. "तुझं चित्र काढणार? आणि शिकणार काय त्यातून?" ती म्हणाली, आणि पुढच्या मंगळवारी तिने त्याला जाडसर निळा झगा शिवून दिला, विश्रांतीच्या वेळी अंगावर घालायला.

विबेकेची शिकवण्याची एक तऱ्हा होती. जगात बाकी सगळीकडे चित्र डोक्यापासून काढतात, ती पायांपासून काढायला लावी. "माणूस जमिनीवर उभा आहे हे आधी ठरवा. डोकं काय, येतं मागाहून. नाही आलं तरी चालतं, आपल्या नगरपालिकेत बघा." हा विनोद ती दर सत्राला करी आणि वर्ग दर सत्राला हसे. मग ती कागद लावलेल्या इझलांच्या मधून फिरे आणि तिचे ते ठरलेले वाक्य म्हणे: "जे माहीत आहे ते काढू नका. जे दिसतंय ते काढा."

कॉफीची वेळ झाली की ती एप्रनच्या खिशातून चिकटपट्टीचे रीळ काढी, लाकडी मंचावर गुडघे टेकी आणि टॉर्किल्डच्या पावलांभोवती पट्ट्यांचे तुकडे चिकटवी. टाचेमागे एक, अंगठ्यापुढे एक, आणि डाव्या पायाच्या करंगळीपाशी एक तिरका. कॉफीनंतर मॉडेलने नेमके त्याच जागी उभे राहावे म्हणून. तिरक्या पट्टीचे कारण असे की टॉर्किल्डची ती करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती. लहानपणी थोरल्या भावाचे बूट वापरल्याचा परिणाम. इंगर म्हणायची, "धाकटं आहे ना, त्याला पलीकडचं दिसत नाही, म्हणून चढलंय." पट्टी लावताना विबेकेची बोटे त्याच्या पायाला कधी लागली नाहीत. तो शिष्टाचार होता. पण इंगर गेल्यावर दुसरे माणूस इतक्या जवळ येण्याचा प्रसंग टॉर्किल्डच्या आठवड्यात तेवढाच उरला.

शिष्टाचार आणखीही होते. मॉडेलने विश्रांतीत झगा घालून खिडकीजवळच्या हीटरपाशी उभ्याने कॉफी प्यावी. बोलावल्याशिवाय चित्रे बघायला जाऊ नये. टेबलावर बसू नये, तिथे विद्यार्थी बसतात. केकचा तुकडा कुणीतरी आणून देई. वर्गातल्या कुणाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. सगळे त्याला 'मॉडेल' म्हणत, तेही तो खोलीत नसताना. असताना काहीच म्हणत नसत. दवाखान्यातून निवृत्त झालेली यूटे सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. टॉर्किल्डच्या खांद्यावरचा तीळ ती डोळे मिटून काढू शके. ती एकदा सुपरमार्केटात त्याच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "वरचं ते ओट्सचं दूध देतोस का जरा? तू उंच आहेस." त्याने दिले. कपड्यांत त्याला कोण ओळखणार?

मग शाळेला मोगेन्स नावाचा नवा मुख्याध्यापक आला आणि त्याच्याबरोबर भविष्यकाळ आला. त्याने शिक्षकांना एकत्र करून सांगितले की यापुढे मॉडेल पडद्यावर असेल. तो फिरवता येईल, जवळ आणता येईल, वरून पाहता येईल. घरी बसलेल्यांनाही त्याचे चित्र काढता येईल. तो आजारी पडणार नाही, थकणार नाही, उशिरा येणार नाही.

"टॉर्किल्ड कधीच उशिरा येत नाही," विबेके म्हणाली.

"बघ ना! मग त्याचाच करू," मोगेन्स म्हणाला. वाद जिंकला की हरला हे तिला घरी पोचेपर्यंत कळले नाही.

टॉर्किल्डला मात्र बरे वाटले. पुतळे माणूस मेल्यावर उभारतात, त्याचा जिवंतपणी होत होता. या पुतळ्याचा अर्थ काय, म्हणजे मंगळवारचे काय, हे त्याला कुणी सांगितले नाही. मोगेन्सला वाटले विबेकेने सांगितले असेल. विबेकेला वाटले मोगेन्सने. आमच्या देशात कटू गोष्ट सांगायची वेळ आली की प्रत्येकाला वाटते, ती दुसऱ्याने आधीच सांगितली आहे. यापायी गावातले कित्येक घटस्फोट वर्षानुवर्षे रखडले आहेत.

म्हणून सत्राच्या पहिल्या मंगळवारी टॉर्किल्ड नेहमीसारखा हजर झाला, पिशवीत निळा झगा घेऊन. बाहेर अंधार आणि तिरका पाऊस. आत मंच नव्हता. मंचाच्या जागी पुरुषभर उंचीचा पडदा होता. हीटरही नव्हता, पडद्याला थंडी वाजत नाही.

"नवीन का तू?" यूटेने विचारले. "ये, ये. बस इथे. विबेके येईलच. घाबरू नकोस, आम्हालाही काही येत नाही."

"मी खरं तर—"

"कोळसा आणला नसशील ना? पहिल्या दिवशी कुणीच आणत नाही. हा घे माझा."

माणूस भला होता. नग्न उभे राहायला त्याला संकोच वाटला नसता, पण एका बाईला तिची चूक दाखवायची म्हणजे फारच झाले. तो बसला. पिशवी पायाशी ठेवली. कोळशाची कांडी हातात धरली, तापमापक धरतात तशी.

विबेके आत आली, तिने त्याला पाहिले आणि तिचा चेहरा आधी पडला, मग खुलला. गेले कित्येक दिवस याला कोणत्या तोंडाने सांगावे ही चिंता तिला होती. आणि हा तर विद्यार्थी होऊन बसला आहे!

"टॉर्किल्ड! आलास! किती छान केलंस."

"हो," टॉर्किल्ड म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर तो स्वतः उभा राहिला. सावकाश स्वतःभोवती फिरू लागला, खाटकाच्या काचेमागचे मांस फिरते तसा. वर्ग "आहा" म्हणाला.

"पाय बघा आधी," विबेके म्हणाली. "पायांपासून सुरुवात."

टॉर्किल्डने पाय पाहिले. दहा बोटे, एका ओळीत, सैनिकांसारखी. करंगळी आपल्या जागी. टाचांना भेगा नाहीत. असे पाय त्याने तलावावर हजारो पाहिले होते आणि त्यातले कुणाचे होते ते आठवले नव्हते. त्याने विबेकेकडे पाहिले. आता हिच्या लक्षात येईल, असे त्याला वाटले. ज्या बाईने करंगळीसाठी वेगळी तिरकी पट्टी चिकटवली, तिला दिसल्याशिवाय कसे राहील?

"फार सुंदर," विबेके म्हणाली आणि यूटेच्या इझलकडे वळली.

कॉफी झाली. पडद्यावरच्याला विश्रांतीची गरज नव्हती, तो फिरत राहिला. वर्गाला होती. टॉर्किल्ड सवयीने खिडकीकडे निघाला होता, यूटेने त्याला बाही धरून टेबलाशी बसवले. इतक्या वर्षांत तो त्या टेबलाशी पहिल्यांदा बसत होता.

"पाय काय आहेत पण!" यूटे म्हणाली. "संगमरवरी."

"आधीच्या मॉडेलपेक्षा हा बरा," विमा कंपनीतून निवृत्त झालेला आस्गर म्हणाला. "आधीचा श्वास घ्यायचा."

"घ्यायचाच ना तो. जिवंत होता."

"हो, पण आवाज करून घ्यायचा. आणि पोट गुरगुरायचं. माझी रेघ हलायची त्यानं."

"काय झालं त्याचं?" यूटेने विचारले. "गेला का?"

कुणाला ठाऊक नव्हते. सगळ्यांनी टॉर्किल्डकडे पाहिले, तो नवा होता म्हणून.

"केक छान झालाय," टॉर्किल्ड म्हणाला.

आमच्याकडे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, शाळामास्तरापासून पंतप्रधानापर्यंत. मान द्यायचा तर भाषेतून देता येत नाही, केक भाजावा लागतो. टॉर्किल्डला दुसऱ्या आठवड्याची पाळी मिळाली. त्याने बेकरीतून खोबऱ्याचा केक आणला आणि इंगरच्या पत्र्याच्या डब्यात घालून नेला, घरचा वाटावा म्हणून. आस्गरने पाककृती विचारली. टॉर्किल्डने अंदाजे सांगितली.

घरी तो एकटाच होता, आणि घर त्याच्याशी फार बोलत नसे. बटाटे उकडेपर्यंत तो स्वयंपाकघरात सवयीने एका पायावर भार देऊन उभा राही, समोर खिडकी, खिडकीत तोच. मोगेन्सने सगळ्या विद्यार्थ्यांना घरी सराव करण्यासाठी मॉडेल पाठवला होता, त्यामुळे तो टॉर्किल्डच्याही टॅब्लेटवर आला. एका संध्याकाळी त्याने टॅब्लेट दुधाच्या खोक्याला टेकवून ठेवला आणि बोटाने स्वतःला फिरवून पाहिले. स्वतःची पाठ तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. ती त्याच्या वडिलांची निघाली. वडील कौले शाकारायचे. शिडीवर चढताना लहानग्या टॉर्किल्डला खालून दिसायची ती हीच पाठ, तीच खांद्यांमधली घळ. तो बराच वेळ बघत बसला. बटाटे खाली लागले. मग त्याने बोट खाली सरकवले, पाय दिसले, आणि त्याने टॅब्लेट पालथा घातला.

बाकी सगळे ठीक होते. गुडघा, पोटरी, तीळ, सगळे त्याचे. पण विबेकेच्या हिशेबाने माणूस पायांवर उभा असतो. म्हणजे पडद्यावर जो कोणी उभा होता, तो त्याच्या अंगाचा असला तरी उभा दुसऱ्याच कुणाच्या पायांवर होता.

एकदा सांगून टाकावे असे त्याला वाटे. वाक्यही तयार होते: "विबेके, ते पाय माझे नाहीत." पण सांगितल्यावर दिसले, तर ते दिसणे नव्हे, ते माहीत असणे झाले. आणि तिनेच तर शिकवले होते. तो वाट पाहत राहिला. दर मंगळवारी झगा पिशवीत घालून नेई आणि तसाच परत आणी. न नेण्याचे काही कारण त्याला सुचले नाही.

चित्रकला त्याला येत नव्हती. त्याने काढलेला माणूस ओल्या कोटासारखा दिसे. विबेके पाठीमागे येऊन उभी राही, "हं" म्हणे, "खांदा थोडा खाली" म्हणे. इतकी वर्षे तिचा आवाज त्याने समोरून ऐकला होता, आता मागून ऐकू येई. पडदा आल्यापासून ती कमी बोलायची. मॉडेल फिरताच वर्गाचे डोळे त्याच्याबरोबर फिरत आणि ती मध्ये आली तर पडद्यावर तिची सावली पडे. मग कुणीतरी म्हणे, "विबेके, जरा बाजूला होतेस?" ती होई. नगरपालिकेचा विनोद तिने या सत्रात केला नाही. टॉर्किल्डच्या ते लक्षात आले, कारण तो त्या विनोदाला दर वेळी मंचावर, न हलता, आतल्या आत हसत असे.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्याने बूट काढले. कुणी पाहिले नाही. मोजे काढले, ते पिशवीत झग्यावर ठेवले आणि अनवाणी पाय इझलखाली सरळ टेकवले. मग तो खाली बघून चित्र काढू लागला.

चित्र वाईटच येत होते. टाच पावासारखी फुगली, घोटा भलतीकडे गेला. पण तो खोडत नव्हता. थोड्या वेळाने मागे एप्रनची सळसळ झाली.

"टॉर्किल्ड, पाय चुकलेत."

"हो?"

"ही करंगळी कुठून आणलीस? पडद्याकडे बघ. सरळ आहे ती. जे माहीत आहे ते काढू नकोस, जे—"

"जे दिसतंय तेच काढतोय मी."

विबेकेने पडद्याकडे पाहिले. मग चष्मा कपाळावर चढवला आणि खाली पाहिले. टॉर्किल्डने पाय हलवले नाहीत. ती पुन्हा पडद्याकडे वळली; तिथे तो संथपणे फिरत होता, संगमरवरी. या पायांपासून सुरुवात करा असे ती आठवड्यामागून आठवडे भर वर्गात सांगत आली होती.

"कधीपासून?" तिने अगदी हळू विचारले.

"पहिल्यापासून. फरशी गार होती, मी मोजे ठेवले."

"मग बोलला का नाहीस?"

टॉर्किल्डने कोळशाची कांडी खाली ठेवली.

"वाटलं, तुला दिसेल."

"काय चुकलं गं त्याचं?" मागून यूटेचा आवाज आला. "पाय ना? माझेपण बघून जा. मला तर ते पाय काढून काढून कंटाळा आलाय. त्यांच्यात काही होतच नाही."

 विबेके टॉर्किल्डच्या चित्राकडे बघत होती. पावासारख्या फुगलेल्या टाचा, वेड्यावाकड्या रेघा. त्या पायांवर वर कुणी उभे असते तर पडले नसते. तिने एप्रनच्या खिशात हात घातला. रीळ तिथेच होते. त्याचे आता काही काम नव्हते, पण एप्रन तोच होता. तिने गुडघे टेकले. पूर्वीपेक्षा तिला वेळ लागला, एका हाताने स्टुलाचा आधार घेऊन. टाचेमागे एक तुकडा. अंगठ्यापुढे एक. डाव्या करंगळीपाशी एक, तिरका. या वेळी तिचे बोट करंगळीला लागले, आणि ते तिने लगेच उचलले नाही.

"कॉफी," ती जमिनीवरूनच म्हणाली.

"इतक्यात?" आस्गर म्हणाला.

"कॉफी."

खुर्च्या सरकल्या. यूटे जाता जाता थांबली. तिने जमिनीवरचे पाय पाहिले, पट्ट्या पाहिल्या. मग तिची नजर वर सरकली, शर्टात झाकलेल्या खांद्यावर गेली आणि तीळ जिथे असतो नेमक्या त्या ठिकाणी थांबली. तिने तोंड उघडले. आमच्याकडे अशा वेळी काय म्हणायचे ते कुणी शिकवलेले नाही.

"शेवटचा तुकडा उरलाय," ती म्हणाली. "कडेचा. तुझ्यासाठी ठेवते."

टॉर्किल्डने कॉफी खिडकीपाशी उभ्याने घेतली. या वेळी त्याला कुणी टेबलाकडे ओढले नाही. तुकडा यूटेने बशीत आणून दिला आणि ती परत गेली.

विश्रांतीनंतर वर्ग जागेवर बसला. पडदा चालूच होता, तिथला तो ताजातवाना फिरत होता आणि बहुतेकांनी त्यालाच पुढे काढायला घेतले. घरी बसलेल्यांना तर काही कळलेच नव्हते. विबेके शिकवायला उठली नाही. तिने कागद मांडीवर घेतला आणि टॉर्किल्डच्या इझलखाली, सरळ जमिनीवर, बसकण मारली. वर्गात तिला स्वतः चित्र काढताना कुणी कधी पाहिले नव्हते. मागे कुठेतरी एक इझल कुरकुरत वळले.

टॉर्किल्डने आधी टाच, मग अंगठा आणि शेवटी करंगळी, अशी पावले पट्ट्यांच्या आत बरोबर बसवली.

फरशी गार होती. मोजे पिशवीत होते, हाताशीच. ते त्याने तिथेच राहू दिले.